भिंतीकडे तोंड करून

आमच्या ह्यांचं काम लोकांचं ऐकून घ्यायचं, आणि ह्यांना ऐकू येत नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी सांगत असताना मध्येच कोणी हसलेलं मला खपत नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पाळक येतात आणि जातात. वरून बदलीचा हुकूम आला की बिचारे सामान बांधतात, कधी आमची नावं पाठ होण्याआधीच. वडील मात्र इथलाच माणूस. मंडळीचा वडील म्हणजे वयाने मोठा असं नव्हे, मंडळीने निवडलेला. दर काही वर्षांनी निवड होते आणि दर वेळी आमचे हेच निवडून येतात. मंडळी ह्यांना दादा म्हणते. ह्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्या म्हाताऱ्यासुद्धा दादा म्हणतात, इतका मान.

वडिलाचं मुख्य काम म्हणजे खोली. चर्चच्या मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. आत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि अंगणात उघडणारी एक खिडकी. रविवारी उपासना संपली की वडील तिथे जाऊन बसतात. ज्याला काही बोलायचं असेल त्याने आत जायचं, दार लावायचं, बोलायचं. पापाची कबुली वगैरे काही नाही. सून बोलत नाही, नोकरी गेली, रात्री झोप लागत नाही, देवावरचा विश्वास उडाला, काय असेल ते. वडील सल्ला देत नाहीत. ऐकतात, शेवटी प्रार्थना करतात, आणि तिथे ऐकलेलं बाहेर काढत नाहीत. आमच्या ह्यांनी कधी माझ्याजवळसुद्धा एक अक्षर काढलं नाही. सुरुवातीला मी खूप खोदून खोदून विचारायचे. मग नाद सोडला.

हे छापखान्यात मशीनवर होते. सगळं आयुष्य त्या खडखडाटात गेलं. कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी दाराची बेल गेली, मग कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग मी गेले. मुलीने हट्टाने डॉक्टरकडे नेलं, कानातलं मशीन घेऊन दिलं. त्यातून म्हणे नुसता खडखडाट येतो, बोलणं येतच नाही. डॉक्टर म्हणाले, शीर मेली आहे, इलाज नाही. आणि आमच्या ह्यांचं म्हणणं काय, तर कानाला काही झालेलं नाही, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. आता काय कपाळ फोडायचं?

घरात चालून जातं. मी मुळातच मोठ्याने बोलणारी. माझं इस्त्रीचं दुकान आहे, वाफेच्या आवाजात ओरडून बोलायची सवयच लागली आहे. पण खोलीत काय करणार? आत गेलेला माणूस हळूच काहीतरी सांगायचा, हे म्हणायचे, "काय?" तो जरा मोठ्याने सांगायचा, हे परत, "काय?" दुःख तिसऱ्यांदा ओरडून सांगायचं म्हणजे काय होतं, विचार करा. खिडकी बंद असली तरी काच जुनी. बाहेर अंगणात सगळी मंडळी चहा पीत उभी.

तशात एका रविवारी नर्सबाई आत गेल्या. अतिशय अबोल बाई. इतकी वर्षं येताहेत, पण आपण बरं की आपलं काम बरं. त्या दिवशी त्यांनी आत जे सांगितलं ते अंगणातल्या प्रत्येकाने ऐकलं. काय सांगितलं ते मी सांगणार नाही, आधीच नको तितक्यांनी ऐकलंय. कोणी कपात बघत होतं, कोणी उगाच लहान मुलांवर ओरडत होतं. नर्सबाई बाहेर आल्या, आमचे चेहरे पाहिले, आणि त्यांना कळलं. पर्स काखेला लावून सरळ फाटकाबाहेर गेल्या. त्यानंतर त्या चर्चला आल्या नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेले, त्यांनी दार उघडलं नाही.

आमच्या ह्यांना वाटतं, त्यांची रविवारची ड्युटी लागली.

तेव्हापासून मंडळी हुशार झाली. म्हणजे खोलीत जायची ती जायचीच, दादांना वाईट वाटायला नको ना! पण आत जाऊन सांगायचं काय, तर गुडघा दुखतो, नळ गळतो, मुलाचे केस गळतात. हे मान हलवायचे, प्रार्थना करायचे. आणि घरी येऊन मला म्हणायचे, "बघ, मंडळीत आता सगळं कसं छान चाललंय. मोठं दुःख असं कोणाला राहिलेलंच नाही. देवाची कृपा." मी काय बोलणार? भाजी ढवळत राहायचे.

खरी दुःखं यायला लागली माझ्या दुकानात. शर्ट काउंटरवर ठेवला की सुरू. मी म्हणायचे, "अहो, मी काय वडील आहे का? कपडे किती, कधी पाहिजेत, तेवढं बोला." पण रडणाऱ्या माणसाला हाकलून देता येतं का? मी आपली एका हाताने इस्त्री फिरवायचे आणि ऐकायचे. आणि खरं सांगू? मला ते पेलत नाही. मला लगेच राग येतो, लगेच सल्ला द्यावासा वाटतो. एकीला मी म्हटलं, "सोडून दे त्याला!" ती बिचारी नुसतं मन मोकळं करायला आली होती. तिने कपडेच दुसरीकडे टाकायला सुरुवात केली.

हे काम कोणाचं ते मी माझ्या दुकानातच पाहिलं. आमच्या मंडळीत एक ड्रायव्हरबाई आहेत, शहराची बस चालवतात. दर आठवड्याला गणवेश इस्त्रीला टाकतात. बोलणं म्हणजे "किती झाले" आणि "येते". एकदा त्या काउंटरपाशी उभ्या असताना सुतारकाका आले. काकांची बायको नुकतीच गेली होती. तिच्या साड्या कोणाला देण्याआधी इस्त्री करून हव्या होत्या. पिशवी उघडली आणि काकांचा बांधच फुटला. माझ्या तोंडून भराभरा निघालं, "काका, असं करू नका, ती देवाजवळ आहे, सुखात आहे." काका आणखीच रडायला लागले. ड्रायव्हरबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. काका बोलत राहिले, बाईंनी मधूनमधून "हं" केलं. मग त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना घरापर्यंत सोडून आल्या. काका जाताना शांत होते. मी मनात म्हटलं, हे असं असतं होय!

आता निवड जवळ आली. पाळकसाहेब नवीन, तरुण, सगळं नियमाने करायची हौस. नियम असा की एकच माणूस उभा राहिला तर निवड धरायची नाही, निदान दोन तरी पाहिजेत. दादांसमोर उभं कोण राहणार? ज्याला विचारावं तो कानाला हात लावायचा. "दादांच्या विरोधात? छे छे!" पाळकसाहेब रडकुंडीला आले. असेच एकदा सूट टाकायला माझ्या दुकानात आले, तेव्हा ड्रायव्हरबाई गणवेश न्यायला उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही तरी," पाळकसाहेब हात जोडून म्हणाले. "नुसतं नावाला. निवडून दादाच येणार, सगळ्यांना माहीत आहे."

"काय करायचं असतं?"

"काही नाही, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं."

"बसून बसून माझी कंबर गेलीय," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "उभं राहायचं असेल तर बरंच आहे." आणि गणवेश घेऊन निघून गेल्या. मी इस्त्री खाली ठेवून हसले. तेव्हा हसू आलं खरं.

हे भिंतीचं समजावून सांगते. आमच्याकडे चिठ्ठ्या नाहीत, हात वर करणं नाही. जे उभे असतील त्यांनी पुढच्या भिंतीकडे तोंड करून, मंडळीकडे पाठ करून उभं राहायचं. मग एकेक बाक उठतं आणि ज्याला जो हवा त्याच्या मागे जाऊन ओळीत उभा राहतो. पाळक मोजतात, सगळे परत जागेवर बसतात, पाळक "आमेन" म्हणतात, आणि मगच उभे असलेल्यांनी वळायचं. आपल्या मागे कोण आलं आणि कोण नाही, हे त्यांना कधीच कळू नये, मनात अढी राहू नये, म्हणून ही पद्धत. आकडाही सांगत नाहीत, फक्त नाव सांगतात. जुन्या लोकांनी विचार करून ठेवलेली गोष्ट आहे.

निवडीच्या आदल्या दिवशी हे घरी आभाराचं भाषण पाठ करत होते. बूट पुसता पुसता, मोठमोठ्याने. खोलीला नवीन पडदा लावू, आजारी माणसांकडे मी स्वतः घरी जाऊन बसेन, असं बरंच काही. मी समोर जाऊन बसले. म्हटलं, आज सांगायचंच. जे व्हायचं ते होऊ दे.

"अहो," मी म्हटलं, "ह्या वेळी उभे राहू नका."

"काय?"

छापखाना बंद पडला तेव्हा हा माणूस किती दिवस पलंगावरून उठला नव्हता ते मी पाहिलंय. त्यातून ह्यांना बाहेर काढलं ते त्या खोलीने. रविवार यायचा म्हणून हे दाढी करायचे, कपडे करायचे, माणसात यायचे. ती खोली काढून घ्यायची आणि कारण काय सांगायचं? की तुमच्यामुळे एक बाई चर्चमधून उठून गेली?

"काही नाही," मी ओरडले. "चहा घेणार का?"

"घेईन की," हे खुश होऊन म्हणाले.

रात्री मी आपलं मनाशी ठरवलं. सगळी मंडळी ह्यांच्या मागे उभी राहणारच आहे. हे निवडून येणारच आहेत. मी एकटी ड्रायव्हरबाईंच्या मागे गेले तर काय मोठा फरक पडणार आहे? ह्यांची पाठ असेल, ह्यांना दिसणारही नाही. पण त्या भिंतीसमोर, देवासमोर, मला खोटं उभं राहायचं नव्हतं. नर्सबाईंसाठी एवढं तरी मी करायला हवं होतं. हे ठरल्यावर मला शांत झोप लागली, आता सांगायला हरकत नाही.

निवडीआधी मानाचे शब्द बोलतात. उभ्या राहिलेल्यांना पुढे बसवायचं आणि मंडळीतल्या कोणीतरी त्यांच्या सेवेबद्दल बोलायचं. ड्रायव्हरबाईंबद्दल महिला मंडळाची एक बाई बोलली. म्हणाली, "त्या वेळेवर येतात," आणि खाली बसली. आमच्या ह्यांच्याबद्दल बोलायला मंडळीतला बेकरीवाला उठला, बोलायचं म्हणून त्या दिवशी माझ्याच बाकावर बसलेला. ह्या बेकरीवाल्याला बोलायला द्यावं आणि आपण निवांत झोप काढावी. त्याने आमच्या ह्यांना असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मलाच संशय आला, हा नक्की माझ्याच नवऱ्याबद्दल बोलतोय ना? दादा म्हणजे मंडळीचा खांब, दादा म्हणजे आम्हा सर्वांचा आधार, दादा नसते तर आम्ही कुठे गेलो असतो? ह्यांना एक शब्द ऐकू येत नव्हता. हे लोकांच्या चेहऱ्यांकडे बघून अंदाजाने हसत होते, आणि बेकरीवाला आमच्या मेलेल्या माणसांची आठवण काढत होता तेव्हाही हसत होते. शेवटी टाळ्या झाल्या. एवढ्या टाळ्या त्या चर्चमध्ये मी कधी ऐकल्या नव्हत्या. काही जण उभे राहिले. पाळकसाहेबांनी तर अंगणात केकसुद्धा आणून ठेवला होता, वर ह्यांच्यासाठी अभिनंदन लिहिलेला.

मग दोघे उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दोघांच्या मध्ये एखादी खुर्ची मावेल एवढंच अंतर. ह्यांनी मागे हात बांधले होते. कोट मीच इस्त्री केलेला, पाठीवर एक चुणी नव्हती.

पाळकसाहेबांनी पहिल्या बाकाला खूण केली. वडिलांची बायको म्हणून पहिल्या बाकावर कडेला मीच. म्हणजे सगळ्यांच्या आधी मला उठायचं होतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मला वाटत होतं, गर्दीत कुठेतरी मिसळून जाईन. पण उठले, गेले, आणि ड्रायव्हरबाईंच्या मागे उभी राहिले. मागे कोणीतरी "अगं बाई" म्हणालं.

मी खाली फरशीकडे बघत होते. मागे पावलं वाजत होती. माझ्या मागे कोणीतरी आलं. मग आणखी कोणीतरी. म्हटलं, असतील एकदोन माझ्यासारखे. पावलं येतच राहिली. ओळ मागे मागे सरकत दारापर्यंत गेली, तेव्हा मी मान वळवून पाहिलं. सुतारकाका, महिला मंडळ, तरुण संघाची पोरं, सगळी इकडे. माझ्या बरोबर मागे कोण, तर बेकरीवाला!

"तुम्ही?" मी दात-ओठ खात म्हटलं. "आत्ता तर खांब म्हणत होतात!"

"वहिनी, देवाशपथ," तो कुजबुजला, "मला वाटलं, माझं एकट्याचं काय, बाकीचे आहेतच की दादांना."

प्रत्येकाने हेच मनाशी धरलं होतं. मागाहून ज्याला त्याला विचारलं, प्रत्येकाचं हेच उत्तर. सगळ्यांना दादा निवडून यायला हवे होते, फक्त आपल्याशिवाय इतरांनी निवडलेले.

आमच्या ह्यांच्या मागे कोणी नव्हतं. मोकळी फरशी आणि रिकामी बाकं.

पाळकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मोजायला हात वर केलेला तसाच राहिला. मग ते ओळीजवळ आले आणि गयावया करत म्हणाले, "अहो, दोघंतिघं तरी तिकडे जा ना. बरं दिसत नाही." सगळे पायांकडे बघायला लागले. ड्रायव्हरबाई भिंतीकडेच बघत होत्या, पण त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांची मान ताठ झालेली मला दिसली. शेवटी सुतारकाका ओळीतून बाहेर पडायला लागले.

एवढ्यात हे वळले.

वळणार नाहीत तर काय करतील? ह्यांना "आमेन" ऐकू येणारच नव्हतं. आपल्या अंदाजाने झालं असेल असं धरून वळले, चेहऱ्यावर भाषणाचं हसू घेऊन. समोर मोकळी जागा. ह्यांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं, मग बाजूला पाहिलं, तर हातभर अंतरावर मी. माझ्या मागे सगळी मंडळी.

"अगं," हे म्हणाले. त्यांना वाटतं आपण हळू बोलतो, पण आवाज सगळ्या चर्चभर गेला. "तू तिकडे काय करतेस? चुकलीस. माझी ओळ इकडे आहे."

कोणी हसलं नाही. पाळकसाहेब मला डोळ्यांनी खुणा करत होते, जा, जा, चुकले म्हणा आणि जा. एक पाऊल टाकलं असतं की झालं असतं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता, मंडळी पाठोपाठ आली असती आणि दादा परत खोलीत बसले असते. गुडघे, नळ, केस.

"चुकले नाही," मी म्हटलं. "मी बाईंच्याच मागे उभी आहे."

"काय?"

"मी ड्रायव्हरबाईंच्या मागे उभी आहे!"

"काय म्हणतेस?" हे कानाशी हात नेऊन पुढे वाकले.

एकदाच सांगायचं असतं तर काहीही सांगता येतं हो. तिसऱ्यांदा सांगायला काय लागतं ते मला त्या दिवशी कळलं. मी ह्यांचं मनगट धरलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "मला तुम्ही वडील नको आहात! तुम्हाला ऐकू येत नाही! खोलीत बोललेलं अंगणात जातं, सगळे ऐकतात! नर्सबाई त्यामुळे गेल्या! ड्युटी नव्हती त्यांची!"

हे बघत राहिले. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे बेकरीवाल्याकडे, मग त्याच्याही मागे, एकेकाकडे. कोणाची मान वर नव्हती. त्यावरून ह्यांना कळलं. मला रडू फुटलं. मी रडताना फार वाईट दिसते, पण कोणाला पर्वा होती?

"ऐकू येत नाही हे तू मला रोज सांगतेस," हे म्हणाले. "दूध उतू गेलं की सांगतेस, बेल वाजली की सांगतेस. हे नाही सांगितलंस."

मी मनगट तसंच धरून ठेवलं.

"इतकी माणसं त्या खोलीत येऊन बसली," हे मंडळीकडे बघून म्हणाले. "काय काय सांगितलंत मला. एवढंच कोणाला सांगता आलं नाही?"



ड्रायव्हरबाई अजून नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. आमच्या ह्यांनी माझा हात सोडवला आणि त्यांच्या खांद्याला हलकेच बोट लावलं. बाई वळल्या. डोळे लाल होते. "मला नुसतं उभं राहायला सांगितलं होतं, दादा," त्या म्हणाल्या. ह्यांना ते ऐकू गेलं नसणार, पण ह्यांनी मान हलवली. खिशातून खोलीची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"आज ड्युटी आहे का?"

बाईंनी नाही अशी मान हलवली.

"मग चला," हे म्हणाले. "मला बोलायचंय."

दोघे मागच्या दाराने गेले. आम्ही मेंढरांसारखे अंगणात आलो, दुसरं कुठे जाणार? तिथे तो केक होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं, पाळकसाहेबांनी त्यावर टेबलावरचा कपडा टाकला. खोलीचं दार उघडं होतं तोवर मला आतलं दिसलं. आमचे हे वडिलांच्या खुर्चीत नाही, समोरच्या खुर्चीत बसले, येणाऱ्या माणसाच्या. ड्रायव्हरबाई जरा थबकल्या, मग दुसऱ्या खुर्चीत बसल्या. मग दार लागलं.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना तर ऐकू येतं, मग ओरडायचं कारण काय? अहो, ज्याला ऐकू येत नाही त्याला आपला आवाज तरी कुठे ऐकू येतो? खिडकीच्या काचेतून स्वच्छ आवाज आला, "माझी बायको..."

एकूण एक डोळे माझ्याकडे वळले. मी खिडकीपासून चार हातांवर होते आणि एक पाऊलही मागे सरकले नाही. इतकी वर्षं ह्यांच्या तोंडून त्या खोलीतलं एक अक्षर मला कळलं नव्हतं, आणि आता आत माझंच चाललं होतं. हे मला माफ करणार होते की नव्हते, ते त्या काचेपलीकडे चाललं होतं. मला ते ऐकायचं होतं. जीव गेला तरी ऐकायचं होतं.

"माझी बायको," आतून परत आवाज आला, "इतकी वर्षं माझ्या..."

तेवढ्यात बेकरीवाल्याने गाणं सुरू केलं. ह्या माणसाला सूर म्हणून नाही, उपासनेत आम्ही त्याला मागच्या बाकावर बसवतो. त्याने आपला भसाडा आवाज काढून स्तोत्र म्हणायला सुरुवात केली, डोळे मिटून, जमेल तितक्या मोठ्याने. क्षणभर कोणाला कळेना, ह्याचं डोकं फिरलं की काय. मग सुतारकाकांनी आवाज मिसळला. मग महिला मंडळाने, मग पोरांनी, मग पाळकसाहेबांनी. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. खिडकीतून येणारा आवाज हळूहळू बुडाला.

मी तेवढी गप्प उभी होते. खिडकीत आमच्या ह्यांची पाठ दिसत होती, आणि पलीकडे ड्रायव्हरबाई मान खाली घालून ऐकत होत्या. आणखी थोडं पुढे झाले असते तर गाण्यातूनही मला कळलं असतं.

मी खिडकीकडे पाठ केली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायला लागले.